बार्थ, हॉट व्हील्स आणि आजीच्या माळ्यावरचा डबा

कोर्सवर्क सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच एक असाइनमेंट तुमच्या गळ्यात पडेल: एखादा गाजलेला लेख घ्या आणि त्याचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहा. आमच्या बॅचमध्ये निम्म्या लोकांनी लेखाचा सारांश लिहून दिला, उरलेल्यांनी लेखकाच्या चुका काढल्या. मी सारांशवाल्यांतली. सरांनी शेवटच्या पानावर पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: "हे सगळं लेखकाचं झालं. तुमच्याकडे तपासायला काय होतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आज देतेय, चार वर्षं उशिरा. लेख आहे रोलाँ बार्थचा, खेळण्यांवरचा, 1957 च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकातला. इंग्रजीत तो ॲनेट लॅव्हर्सच्या भाषांतरातून 1972 मध्ये आला. जेमतेम दोन-तीन पानं. आणि तपासायला आहे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, गेल्या गणपतीत कर्जतला आजीच्या माळ्यावर सापडलेला. आत 19 डाय-कास्ट गाड्या, दादाच्या आणि माझ्या. (कागदोपत्री दादाच्याच. मला बाहुल्या मिळायच्या.) माझं स्वतःचं काम धातूंच्या गंजण्यावर आहे, समीक्षेशी माझा संबंध नाही. तरी हा लेख घेतला, कारण तो छोटा आहे, सगळीकडे वाचायला लावतात, आणि डबा उघडल्यावर त्यातली एक गोष्ट मला खटकली.

आधी बार्थचं म्हणणं नीट मांडू या. समीक्षा करताना हे काम टाळू नका. समोरच्याचा मुद्दा आपणच कमकुवत करून मग तो पाडण्यात काही अर्थ नसतो. बार्थ म्हणतो की फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाची छोटी प्रत. सैन्य, पोस्ट, दवाखाना, केस वाळवायचं यंत्र, सित्रोएन गाड्या, व्हेस्पा, पेट्रोल पंप, सगळं लहान आकारात मुलाच्या हातात दिलं जातं. त्यामुळे मूल मोठं होण्याआधीच त्या जगाला होकार देऊन बसतं. अशा खेळण्याचा मुलगा मालक होतो, वापरणारा होतो. निर्माता होत नाही. दुसरा मुद्दा साहित्याचा. ही खेळणी रसायनातून आलेली, धातूचा स्पर्श थंड, कडा टोचणाऱ्या. त्यापेक्षा लाकूड चांगलं, कारण लाकूड एकदम मोडत नाही, मुलाबरोबर हळूहळू झिजत जातं. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी त्याला नक्की आवडली असती.

मुद्दा मजबूत आहे. मला बाहुल्या का मिळायच्या आणि दादाला गाड्या का, याचं उत्तर बार्थ तीन पानांत देतो आणि ते बरोबरच आहे. लघुशंका करणाऱ्या बाहुलीवर त्याने जे लिहिलंय ते वाचताना मला आमच्या खोपोलीच्या घरातलं काचेचं कपाट आठवलं.

पण आता डबा उघडा.

पहिली गोष्ट, 'छोटी प्रत'. व्हर्नियर कॅलिपर घेऊन मी सगळ्या गाड्यांची लांबी मोजली. (हो, लॅबमधला. हो, परत ठेवला.) या आकाराच्या गाड्यांना सगळे 1:64 म्हणतात. साडेचार मीटरची मोटार 64 ने भागली की 7 सेंटिमीटर येते, आणि डब्यातल्या मोटारी साधारण तेवढ्याच आहेत. पण त्याच डब्यात एक पिवळी स्कूल बस आहे, तीही साडेसात सेंटिमीटर. खरी 11 मीटरची बस 1:64 मध्ये 17 सेंटिमीटरची व्हायला हवी. म्हणजे ही बस 1:147 च्या आसपास आहे. डंपर, अग्निशमन बंब, सगळ्यांचं हेच. बस आणि मोटार एकाच उंचीच्या भावंडांसारख्या शेजारी उभ्या.

याचं कारण या खेळण्याच्या जन्मात आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलची गोष्ट संग्राहकांमध्ये सगळ्यांना पाठ असते. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती, म्हणून त्याने तिच्यासाठी काडेपेटीत बसणारा छोटा रोडरोलर बनवला. 1953 मध्ये त्यातूनच मॅचबॉक्स गाड्या बाजारात आल्या. वाहन केवढंही असो, ते पेटीत बसलं पाहिजे, हा नियम. म्हणजे आकार मोठ्यांच्या जगाने ठरवलाच नव्हता. तो ठरवला शाळेच्या एका नियमाने आणि लहान मुलीच्या खिशाने. बार्थच्या 'प्रत' या शब्दावर इथे पहिला प्रश्न उभा राहतो. प्रत काढताना मापं गेली, वाहनांमधलं लहानमोठेपण गेलं, तर नेमकं काय शिल्लक राहिलं? माझ्या मते फक्त चेहरा. बाकीचं मुलाने भरायचं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रत, पण कोणाच्या जगाची? बार्थच्या समोरचं फ्रेंच मूल रस्त्यावर सित्रोएन बघत होतं आणि हातातही सित्रोएन धरत होतं. आमच्या डब्यात काय आहे? लांब बोनेटच्या अमेरिकन मोटारी, मागे पंख असलेली एक काल्पनिक रेसिंग कार, ज्वाळा रंगवलेला पिकअप. आणि आम्ही काय बघत होतो? खोपोलीत आमचं घर जुन्या मुंबई-पुणे हायवेपासून हाकेच्या अंतरावर. घाट चढायच्या आधी दम खाणारे ट्रक, एसटी, कर्जत-खोपोलीला माणसं कोंबून नेणारी टमटम. यातलं एकही वाहन डब्यात नाही.

हे फक्त आमच्या पिढीचं नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून कलकत्त्यात 'निकी टॉइज' नावाने डाय-कास्ट गाड्या निघायच्या. त्यांचे साचे इंग्लंडच्या डिंकी टॉइजचे जुने साचे होते, नाव बदललेलं. म्हणजे रस्त्यावर ॲम्बेसेडर आणि फियाट धावत असताना भारतीय मुलाच्या हातात जॅग्वार. साचा महाग असतो. पोलादाचा, अचूक कोरलेला, वितळलेल्या जस्ताचा दाब हजारो वेळा सोसणारा. एकदा बनवला की तो वसूल होईपर्यंत वापरायचा. तिकडे जुना झाला की इकडे विकायचा. आपल्या बापजाद्यांच्या खेळण्यांवर कोणती गाडी असेल हे आपल्या समाजाने ठरवलं नाही, साच्याच्या हिशोबाने ठरवलं.

मग बार्थचं वाक्य इथे लागू कसं करायचं? मूल जर आपल्या भोवतीच्या जगाला खेळण्यातून होकार देत असेल, तर खोपोलीतली मुलगी ज्वाळावाल्या पिकअपमधून कोणाला होकार देत होती? एक उत्तर आहे: अमेरिकेला. ते उत्तर अगदीच चूक नाही. पण मला ते घाईचं वाटतं, कारण ते देणाऱ्याने खेळ बघितलेला नसतो.

खेळ असा होता. आजोळ कर्जतला, आम्ही खोपोलीला, मध्ये लोकलची चार स्टेशनं: लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी. सुट्टी लागली की डब्यासकट आजीकडे. कर्जत स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना बँकर सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लागतात आणि भोर घाटाचा 1:37 चा चढ ती गाडीला मागून ढकलत चढवतात. प्रवासी खाली उतरून दिवाडकरांचा वडा घेतात तो याच वेळात. आमचे आजोबा रेल्वेत होते. त्यामुळे इंजिन पुढे लागतं यापेक्षा इंजिन मागे लागतं हे आम्हाला आधी कळलं असावं.

आजीच्या परसात मातीचा ढीग असायचा. त्याला वळणं काढून आम्ही घाट करायचो. गाडी वर चढवायची तर हाताने ढकलायची नाही, हा नियम. मागे दुसरी जड गाडी लावायची, बंब किंवा डंपर, आणि तिने ढकलायचं. अर्ध्या वाटेवर एक दगड होता, तो शिंग्रोबा. खंडाळ्याच्या घाटात इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ आहे, ट्रकवाले तिथे थांबून नाणं टाकतात, ते आम्ही बघितलेलं. म्हणून प्रत्येक गाडीने तिथे थांबायचं आणि चिंचोका टाकायचा. न टाकणारी गाडी दरीत. ही 'वापरणाऱ्या'ची कृती आहे का? मोटारीला रेल्वेचा बँकर लावणं आणि वाटेत धनगराच्या देवाला चिंचोका वाहणं, हे कोणत्याही कंपनीच्या खोक्यावर छापलेलं नव्हतं.

इथे तुम्ही मला थांबवायला हवं. आठवणीतला खेळ हा पुरावा कसा? पंधरा-सोळा वर्षांनंतर, पीएचडी करणारी बाई, बार्थ वाचून झाल्यावर, आपल्या लहानपणाला सर्जनशील ठरवतेय. शंका रास्त आहे. मलाही आली.

म्हणून मी रंग बघितला. डाय-कास्ट गाडी म्हणजे मुख्यतः जस्ताचा मिश्रधातू, त्यात साधारण 4 टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. झामाक म्हणतात त्याला. तो 380 अंश सेल्सियसच्या पुढे वितळतो, दाबाने साच्यात भरतात, वर रंग. रंग निघाला की खालचा करडा धातू दिसतो, आणि एकदा निघालेला रंग परत येत नाही. म्हणजे गाडीच्या पृष्ठभागावर तिच्यावर झालेल्या प्रत्येक आघाताची नोंद असते. मी प्रत्येक गाडीचे पाच भाग केले: पुढचा, मागचा, टप, बाजू, तळ. कुठे किती रंग गेलाय याला 0 ते 3 गुण दिले. 19 पैकी एक गाडी वगळावी लागली, का ते पुढे सांगते. उरल्या 18. त्यातल्या 11 गाड्यांचा मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त घासलेला निघाला. डंपरचं मात्र उलटं, पुढची कड पार धातूपर्यंत गेलेली.

लगेच खूश होऊ नका. मीही झाले नाही (झाले, पण पाच मिनिटंच). दुसरी स्पष्टीकरणं काय असू शकतात ते बघा. एक: डब्यात हलून, एकमेकांवर आपटून रंग गेला असेल. पण मग सगळ्या कोपऱ्यांचा सारखा जायला हवा, मागचाच का? दोन: टोकदार कडेवर रंगाचा थर मुळात पातळ बसतो, आणि मागचे पंख टोकदार असतात. हे स्पष्टीकरण चांगलं आहे. ते तपासायला तुलना हवी. पनवेलच्या मावसभावाकडे त्याच्या 14 गाड्या निघाल्या. तो फ्लॅटमध्ये वाढला, लादीवर गाडी सोडायची आणि भिंतीवर आपटायची हा त्याचा खेळ. त्याच्या बहुतेक गाड्यांची नाकं फुटलेली, मागचे पंख शाबूत. दोन्ही डब्यांत एक मॉडेल अगदी सारखं निघालं. त्याच्या गाडीचं नाक गेलंय, आमच्या गाडीची शेपटी. सॅम्पल साइज विचाराल तर एक जोडी. याचा पेपर होणार नाही. पण आठवण आणि रंग एकाच बाजूला बोट दाखवतात, एवढं म्हणता येईल.

तरीही दादाला विचारलं. दोन साक्षीदार असतील तर दोघांना विचारायचं. तो म्हणाला, "बँकर वगैरे काही नाही गं. तुझी गाडी चढायची नाही, तू भोकाड पसरायचीस, म्हणून मी मागून ढकलायचो." रंगाचा डेटा या दोन सिद्धांतांमध्ये निवाडा करू शकत नाही. दोन्हींत शेपटीच घासते.

आता बार्थच्या लाकडाकडे परत जाऊ. लाकूड झिजतं, मुलाबरोबर म्हातारं होतं, हे त्याला इतकं आवडलं होतं. झीज म्हणजे खेळण्याचं आयुष्य हे त्याला कळलेलं होतं. मग धातूच्या खेळण्याची झीज त्याला का दिसली नाही? माझा अंदाज असा की त्याने धातूची खेळणी दुकानात पाहिली, किंवा सांस्कृतिक चिन्ह म्हणून पाहिली, नवी कोरी. लाकडाचं खेळणं त्याच्या लेखात वापरलेलं आहे आणि धातूचं न वापरलेलं. तुलना दोन पदार्थांची नाही, दोन अवस्थांची झाली आहे. लॅबमध्ये एक नमुना ताजा आणि दुसरा दहा वर्षं हवेत ठेवलेला घेऊन कोणी निष्कर्ष काढला तर तुमचे सर काय म्हणतील?

एका बाबतीत मात्र बार्थचा रसायनावरचा संशय खरा ठरला, ते सांगायलाच हवं. ऑगस्ट 2007 मध्ये मॅटेलने 'कार्स' सिनेमातल्या सार्ज या डाय-कास्ट जीपची जगभरातली 4 लाखांहून जास्त खेळणी परत मागवली, रंगात शिसं होतं म्हणून. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक झाला तो 1 जानेवारी 2021 पासून. म्हणजे मी ज्या घासलेल्या रंगाला प्रेमाने 'डेटा' म्हणतेय, तो रंग कुठेतरी गेला, आणि त्यातला थोडा आमच्या पोटातही गेला असणार. त्या रंगात काय होतं ते मी तपासलेलं नाही. तपासायची थोडी भीती वाटते हे कबूल करते.

इथपर्यंत बार्थला बोलून झालं. पण तीच चूक दुसरं कोणीतरीही करतं, आणि ते बार्थचे विरोधक वाटावेत असे लोक आहेत: संग्राहक.

डबा सापडल्यावर मी जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या नादाला लागले. आधी हरवलेल्या तीन गाड्या शोधायच्या होत्या, मग सहा, मग दर शनिवारी मॉलमधल्या खेळण्यांच्या रॅकसमोर गुडघे टेकून 'ट्रेझर हंट' शोधणं. (हा प्रकार मॅटेलने 1995 पासून सुरू केला: नेहमीच्या मालात काही दुर्मीळ गाड्या मिसळून द्यायच्या. एमएस्सी झालेली माणसं सकाळी अकराला दुकान उघडायची वाट बघत उभी असतात.) या जगात गाडीची किंमत ठरते ती तिच्या अवस्थेवरून. सगळ्यात वर पुठ्ठ्यावरच्या फुग्यात बंद, कधीच न उघडलेली. मग उघडलेली पण निर्दोष. सगळ्यात खाली 'प्ले-वॉर्न', खेळून झिजलेली. माझ्या डब्याचे फोटो पाहून एकाने अगदी सभ्यपणे सांगितलं, "रंग काढून कस्टम करायला बऱ्या आहेत."

किंमत ठरवायला ही श्रेणी योग्यच आहे, त्याबद्दल भांडण नाही. पण ती श्रेणी नेमकं काय मोजते ते बघा. गाडी कारखान्यातून निघाली त्या क्षणापासून ती किती दूर आली, हे अंतर. अंतर जितकं कमी तितके गुण जास्त. म्हणजे गाडीचं सगळं आयुष्य उणे खात्यात. गंमत अशी की या मोजपट्टीवर सर्वोत्तम 'बालपणीची आठवण' म्हणजे जिच्याशी कोणतंही मूल कधी खेळलं नाही ती गाडी. तुमच्या विषयात अशा मोजपट्ट्या असतील. 'खराब' नमुना, 'नॉइज', 'आउटलायर' असं ज्याला म्हणून बाजूला काढतात, त्याला खराब कोणत्या कामासाठी म्हटलंय हे एकदा विचारा. प्रत्येक श्रेणीच्या पोटात एक सिद्धांत असतो, आणि तो सहसा दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेसाठी बनवलेला असतो.

हे शहाणपण मला वेळेवर सुचलं नाही. म्हणून 19 च्या 18 झाल्या. एका रात्री हौसेने मी अग्निशमन बंबाच्या तळाचे रिव्हेट ड्रिलने काढले, बॉडी पेंट रिमूव्हरमध्ये बुडवली, आणि अर्ध्या तासात सगळा लाल रंग सुरकुतून निघून आला. चकचकीत करडा धातू. त्या वेळी फार छान वाटलं. रंगाची नोंद करायचं दोन आठवड्यांनी सुचलं. बंब हा आमचा मुख्य बँकर होता. त्याच्या पुढच्या भागावर काय होतं हे आता कधीच कळणार नाही. फोनमध्ये एक फोटो आहे, तोही बाजूने काढलेला. संशोधनात जाणार असाल तर हे वाक्य लक्षात ठेवा: साफसफाई ही उलटी न फिरणारी क्रिया आहे. आधी फोटो, मग नोंद, मग हात लावा.

(एक तांत्रिक गोष्ट, कारण बरेच जण विचारतात. कोकणातल्या पावसाळ्यानंतर रंग न दिलेल्या तळावर पांढरी भुकटी दिसते तिला लोक 'झिंक पेस्ट' म्हणून घाबरतात. झिंक पेस्ट हा वेगळा आजार आहे. जस्तात शिशासारखी अशुद्धी असली की धातूच्या कणांच्या सीमांवरून आतून गंज चढतो, गाडी फुगते, तडे जातात आणि भुगा होतो. युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांमध्ये हे खूप सापडतं. पुढे अतिशुद्ध जस्त वापरायला लागल्यावर ते जवळपास थांबलं. आपल्याकडची पांढरी भुकटी म्हणजे वरवरचा पांढरा गंज. कोरड्या ब्रशने निघतो. पाणी लावू नका.)

संग्राहकांवर एवढी टीका केली, पण पुढची गोष्ट मला त्यांच्यामुळेच कळली, आणि ती मला फारशी कळायला नको होती.

डब्यात एक निळी गाडी आहे. माझी, निर्विवाद माझी. ती आजोबांनी कर्जत स्टेशनबाहेरच्या दुकानातून आणून दिली, ही माझ्याकडची सगळ्यात स्पष्ट आठवण. पिशवी, त्यांचा पांढरा शर्ट, "दादाला सांगू नकोस" हे वाक्य. आजोबा 2008 च्या दिवाळीत गेले. गाडीच्या तळावर 2003 असं साल आहे. ते पाहून मी मनातल्या मनात नोंद केली: पुरावा जुळतो.

जुळत नाही. हॉट व्हील्सच्या तळावरचं साल त्या डिझाइनच्या हक्काचं असतं, गाडी बनल्याचं नाही. तोच साचा वर्षानुवर्षं चालतो आणि साल तेच राहतं. नवा माणूस हमखास इथे फसतो. पण 2008 पासूनच्या गाड्यांच्या तळावर आणखी एक बारीक खूण असते, एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. ए म्हणजे 2008, बी म्हणजे 2009, असं पुढे. ही किल्ली संग्राहकांनी हजारो तळ एकमेकांशी ताडून नोंदवून ठेवली आहे, कसलाही निधी नसताना, आणि तिची शिस्त बऱ्याच प्रबंधांपेक्षा बरी आहे.

माझ्या निळ्या गाडीवर बी 31 आहे. 2009, एकतिसावा आठवडा. ऑगस्टच्या आसपास, परदेशातल्या कुठल्यातरी कारखान्यात. आजोबांना जाऊन नऊ महिने झालेले.

मी तो आकडा भिंगाखाली तीनदा वाचला. बी चा आठ असेल, ए असेल, असं मनाला समजावून पाहिलं. आपल्या हायपोथिसिसच्या विरुद्ध रीडिंग आलं की यंत्र तपासतो आणि बाजूने आलं की तपासत नाही, हे मी ज्युनिअर्सना सांगत असते. 2003 दिसलं तेव्हा मी भिंग घेतलं नव्हतं.

म्हणजे बार्थने खेळणं दुकानात बघितलं, संग्राहकाने पुठ्ठ्यावर बघितलं, आणि मी? मीही खेळ संपल्यावरच बघितलं. निळा रंग आणि आजोबा यांना मी कधीतरी नंतर एकत्र बांधलं. शर्ट खरा असेल, पिशवी खरी असेल, "दादाला सांगू नकोस" हे दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीबद्दल असेल, कदाचित हरवलेल्या तिघींपैकी एखाद्या. त्या तिघी मी आता परत विकत घेतल्या आहेत, पुठ्ठ्यासकट, आणि त्यांच्याकडे बघून काहीही आठवत नाही.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "आणली असेल मीच. त्या वर्षी तुमच्यासाठी काय काय आणत होतो, आठवतंय कुणाला?"

मग आजीला विचारलं. तिला सगळं समजावून सांगितलं, भिंग दिलं, बी 31 दाखवलं. तिने चष्मा वर करून गाडी उलटी-सुलटी केली, मागचा घासलेला भाग अंगठ्याने चोळला आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांनीच आणली ती. मी होते ना घरात. कंपनीवाले काय, वाटेल तो आकडा टाकतात."

"आजी, अगं, नऊ महिन्यांचा फरक आहे."

"असू दे. तुला काय लिहायचंय ते लिही."

मी प्रत्येक गाडीला आता दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधलीय: मॉडेल, तळावरची खूण, झिजेचे गुण, कोणी दिली. निळ्या गाडीच्या चिठ्ठीवर 'कोणी दिली' या रकान्यात दोन ओळी आहेत. वर: आजोबा, माहिती आजीकडून. खाली: बी 31. डबा आजीकडेच ठेवलाय, माळ्यावरून खाली, तिच्या कपाटात. पावसाळ्याआधी त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या राहिल्यात. पुढच्या शनिवारी जाईन तेव्हा.